पंचवीस टक्के थरथर

दोन सिलिंडरच्या मोठ्या मोटारसायकलवर बसायला दोन माणसं पुरतात. ती सोसायटीच्या पार्किंगमधून बाहेर काढायला मात्र तीन लागतात. हे तिसरं माणूस कंपनीच्या जाहिरातीत कधी दिसत नाही. जाहिरातीत असतो तो निर्मनुष्य रस्ता, मावळता सूर्य आणि दाढी राखलेला एक इसम. त्या इसमाची गाडी रस्त्यापर्यंत आली कशी, पहाटे उतारावरून ती उलटी ढकलत वर कोणी घेतली, "येऊ द्या, येऊ द्या, अहो थांबा, कुंडी!" असं मागून कोण ओरडलं, याबाबत कंपनी मौन पाळते. आमच्या घराण्यात ते तिसरं माणूस मी आहे.

माझ्याकडे स्वतःची मोटारसायकल नाही, त्यामुळे या विषयात मी निःपक्षपाती आहे. ताईच्या घरी मात्र दोन आहेत आणि दोन्ही हार्ले-डेव्हिडसन. दाजींची रोड किंग २०१० ची, म्हणजे कंपनीने भारतात विक्री सुरू केली त्या पहिल्या वर्षातली. भाच्याची स्ट्रीट ग्लाइड नवी कोरी. दाजींचा मार्केट यार्डात गुळाचा व्यापार आहे. भाचा हिंजवडीत नक्की काय करतो हे ताईलाही सांगता येत नाही, पण त्याचे हप्ते वेळेवर जातात. घरात दोन गाड्या, दोन मालक आणि एकच वाद: जुनी बरी की नवी?

आधी आकडे सांगतो, म्हणजे पुढचं भांडण कशावर आहे ते कळेल. दाजींचं इंजिन १५८४ सीसीचं, भाच्याचं १९२३. माझ्या जुन्या अल्टोचं ७९६ आहे. म्हणजे दोन अल्टोंची इंजिनं एकत्र केली तर दाजींच्या एका मोटारसायकलशी बरोबरी होते, उलट आठ सीसी माझेच जास्त भरतात. हे मी दाजींना एकदाच सांगितलं. दोन्ही गाड्यांचं वजन पावणेचारशे किलोच्या आसपास. दोघींच्या टाकीत २२.७ लिटर पेट्रोल मावतं. मधल्या वर्षांत इंजिन बदललं, दिवे बदलले, काट्यांच्या जागी १२.३ इंची पडदा आला, पण ढकलणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर विज्ञानाने काहीही प्रगती केलेली नाही.

ही गाडी आपल्याकडे आली त्यामागे हापूस आहे, ही गोष्ट मात्र दाजींना मनापासून आवडते. अमेरिकेने अठराएक वर्षं भारतीय आंब्याला दार बंद केलं होतं. फळमाशी आणि कोयीतला किडा आपल्या देशात शिरेल ही त्यांची भीती. इकडे आपले धुराचे नियम त्यांच्या मोठ्या मोटारसायकलींना आडवे येत होते. शेवटी २००७ मध्ये जमलं. आठशे सीसीच्या वरच्या गाड्यांना युरो-३ चे निकष चालतील, असं आपण मान्य केलं आणि त्यांनी आंब्याला हिरवा कंदील दाखवला. अट एकच: आंब्यावर आधी किरणांचा मारा व्हावा. ती सोय होती लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून बांधलेल्या जागेत हापूस शिरला आणि चारशे ग्रे किरणं अंगावर घेऊन शुद्ध होऊन अमेरिकेला गेला.

आंबा त्याच मोसमात पोचला. गाडीला यायला २०१० उजाडलं, कारण नियमांचं दार उघडलं तरी उंबरठ्यावर जकात बसलेली होती. या जकातीवर पुढे दोन देशांत बरंच बोलणं झालं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर सभांतून आपल्या नावाने खडे फोडले. २०१८ मध्ये ती ५० टक्क्यांवर आली. २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसीच्या वरच्या गाड्यांना ३० टक्के आणि त्याखालच्यांना ४० टक्के असा भेद झाला. दाजींनी त्या दिवशी जेवण अर्धवट टाकलं. कारण त्यांच्या मापाची गाडी तेव्हा परदेशातून आणली असती तर सोळा सीसी कमी पडल्यामुळे तिला दहा टक्के जास्त. "लहान म्हणून जास्त कर? हा कुठला न्याय?" पुढे त्याच वर्षी साडेतीनशे सीसीवरच्या सगळ्याच मोटारसायकलींना ४० टक्के जीएसटी लागला, आणि घरात पुन्हा समता नांदू लागली.

जकातीवरून आपल्याला शहाणपण शिकवणाऱ्या अमेरिकेचं स्वतःचं वागणं मजेदार आहे. १९८३ मध्ये हीच कंपनी जपानी गाड्यांपुढे टेकीला आली होती, तेव्हा रेगन साहेबांनी सातशे सीसीवरच्या परदेशी मोटारसायकलींची जकात ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्के केली. जपान्यांनी मग काय करावं? साडेसातशेच्या गाड्या सातशेच्या आत आणून विकायला ठेवल्या. नियम आला की त्याच्या एक अंगुळ खालून जायचं, ही काही फक्त आपलीच विद्या नाही.

आता मूळ मुद्दा, म्हणजे इंजिन. दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे, मधला कोन ४५ अंशांचा. दोन्ही पिस्टनचे कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनेवर बसवलेले. त्यामुळे एक सिलिंडर पेटला की क्रँक ३१५ अंश फिरल्यावर दुसरा पेटतो. मग ४०५ अंश सामसूम. मग पुन्हा पहिला. दोन ठोके लगबगीने आणि मग एक विसावा. तोंडात पान धरून बोलणाऱ्या माणसासारखं हे इंजिन बोलतं: दोन शब्द, मग रस सांभाळायला जागा, मग पुन्हा दोन शब्द. अमेरिकन माणसाला त्यात "पोटॅटो-पोटॅटो" ऐकू येतं. लासलगावच्या कांद्याशी या गाडीचा संबंध आला त्याला काहीतरी पूर्वसंचित असणारच.

या आवाजावर कंपनीचा इतका जीव, की १९९४ मध्ये तिने त्याचा ट्रेडमार्क मागितला. म्हणजे नाव नाही, बोधचिन्ह नाही, सायलेन्सरमधून निघणारा आवाज. स्पर्धक कंपन्यांनी हरकती घेतल्या, कारण एका पिनेवरच्या व्ही इंजिनातून तसाच आवाज निघतो, त्यात कोणाचं काय? कागदपत्रं सहा वर्षं फिरली आणि २००० मध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला. मार्केट यार्डात दाजींना हे कोणी सांगितलं असतं तर त्यांनी वेगळा सल्ला दिला असता: "आवाज कसला नोंदवता? थरथर नोंदवा."

ती थरथर जवळून बघण्यासारखी आहे. दाजींची गाडी उभ्या उभ्या चालू असताना पुढच्या मडगार्डकडे बघावं. ते मान डोलावत असतं, सगळ्याला हो म्हणत. इंजिन चौकटीत रबरी बैठकांवर बसवलेलं, त्यामुळे ते पुढे-मागे आणि वर-खाली मोकळेपणाने नाचतं. हँडलची टोकं दिसतात पण ठरत नाहीत. आरशात मागची इमारत दिसते, तिचे मजले मोजता येत नाहीत. टाकीवर कटिंगचा ग्लास ठेवला तर तो आपला आपण काठाकडे निघतो, वाटेत थोडा विचार करतो आणि पुन्हा निघतो. दाजी हे सगळं अभिमानाने दाखवतात. पाहुण्याने ग्लास वेळेवर पकडला की म्हणतात, "बघितलंत? जिवंत आहे."

आणि मग गिअर टाकून रस्त्याला लागलं की रबराच्या बैठका हा सगळा दंगा गिळून टाकतात. साठ-सत्तरच्या पुढे तीच गाडी एकदम पोक्त होते. मागच्या सीटवर मी कित्येकदा पेंगलो आहे. थरथर आहे ती फक्त थांबल्यावर. म्हणजे सिग्नलला, चौकात, लोक बघत असताना. यंत्रशास्त्राने एखाद्या गुणाची इतकी सोयीची जागा क्वचितच निवडली असेल.

नव्या इंजिनाला मिल्वॉकी-एट म्हणतात. मिल्वॉकी हे कंपनीचं गाव, १९०३ मध्ये तिथेच पहिली गाडी झाली. आणि एका सिलिंडरला चार याप्रमाणे दोघांत मिळून आठ व्हॉल्व्ह, म्हणून एट. या इंजिनाच्या पोटात एक काउंटरबॅलन्सर फिरतो. उभ्या गाडीतली पंचाहत्तर टक्के मूळ थरथर त्याने जाते, असं कंपनीनेच जाहीर केलं आहे. इथे शहाण्या माणसाने विचारावं की शंभर टक्के का नाही? जमत नव्हतं म्हणून नाही. उरलेली मुद्दाम ठेवली. ती ओळखीची थरथर गेली तर गिऱ्हाईक म्हणेल, ही आमची नव्हे.

हे भाच्याने मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. दाजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या गाडीत पंचवीस टक्के थरथर आहे."

"हो."

"आणि ती चाळीस लाखांच्या घरात पडली."

"हो."

"माझ्या गाडीत शंभर टक्के आहे. निम्म्याहून कमी पैशात."

यावर हिंजवडीकडे उत्तर नव्हतं. मला मात्र तेव्हापासून हा आकडा सोडत नाही. शंभराहून जास्त वर्षं एक कंपनी एका इंजिनातले दोष काढत आली. काढता काढता अशा जागी पोचली की आता उरलेला दोष जपून ठेवायला वेगळे इंजिनिअर लागतात. टीव्हीवाल्याने कधी म्हटलं आहे का, की थोड्या मुंग्या ठेवल्या आहेत, गिऱ्हाइकाला बरं वाटतं?

बरं, जुनी म्हणजे कुठली जुनी? हाही प्रश्न आहेच. १९३६ च्या इंजिनाच्या रॉकर कव्हरवर मुठीतल्या हाडांसारखे उंचवटे होते म्हणून लोकांनी त्याला नकलहेड म्हटलं. १९४८ चं उलट्या पातेल्यासारखं दिसलं, ते पॅनहेड. १९६६ चं फावड्यासारखं दिसलं, ते शोव्हलहेड. लोक ठेवत होते तोवर ही नावं होती. पुढे कंपनी नावं ठेवू लागली आणि १९८४ मध्ये इव्होल्यूशन आलं, मग ट्विन कॅम, मग मिल्वॉकी-एट. प्रत्येक वेळी आधीच्या इंजिनवाल्यांनी नव्याकडे बघून नाक मुरडलं आहे. इव्होल्यूशनमधून तेल गळेना, तेव्हा शोव्हलहेडवाल्यांना त्यात राम वाटेना. ट्विन कॅम आलं तेव्हा इव्होल्यूशनवाले म्हणाले, ही फार गुळगुळीत झाली.

आता गंमत अशी की दाजींची गाडी ट्विन कॅम आहे. म्हणजे जिला एकेकाळी अस्सल लोकांनी फार गुळगुळीत म्हणून नाकारलं, तीच आज आमच्या घरात अस्सलपणाचा दाखला आहे. तिने काहीही केलेलं नाही. ती फक्त पार्किंगमध्ये उभी राहिली आणि तिच्यामागून आणखी एक गुळगुळीत आली. आणखी पंधरा वर्षांनी भाचाही कोणाला तरी सांगत असेल की आमच्या वेळी पंचवीस टक्के होती बरं का, तुमच्यात तर आठच आहे. १९६५ मध्ये इलेक्ट्रा ग्लाइडला बटणाचा स्टार्टर आला, तेव्हाही किक मारून गुडघे गमावलेले कोणीतरी म्हणालेच असणार, बटण दाबून सुरू होते ती कसली मोटारसायकल?

या गाडीला वंशाचा अभिमान फार. दाजींच्या टीशर्टावर गरुड, पट्ट्याच्या बकलावर गरुड, किल्लीलाही गरुड. मी अशा वेळी दिल्लीच्या फटफटीचा विषय काढतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या हार्ले आणि इंडियन मोटारसायकली तिथे लोकांनी घेतल्या, मागे दोन चाकं आणि बाकडी जोडली आणि कॅनॉट प्लेसपासून चांदणी चौकाकडे शेअर रिक्षा सुरू केल्या. एकेका गाडीवर सहा-आठ माणसं, शिवाय बोचकी. प्रदूषणाच्या नियमांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या बंद झाल्या, तोवर कित्येक दशकं त्या धावल्या. मोकळ्या रस्त्यावरचं स्वातंत्र्य वगैरे जे काही टीशर्टावर लिहिलेलं असतं, त्याच्या आधी या गाडीने भारतात सुट्ट्या पैशांचं भाडं कमावलेलं आहे. भाचा म्हणतो, "मामा, तू मुद्दाम हे सांगतोस." दाजी म्हणतात, "सांगू दे. आठ माणसं ओढायची. तुझी ओढेल का?"

आता एवढ्या गाड्या घ्यायच्या त्या टूरिंगसाठी, म्हणजे लांब लांब जाण्यासाठी. आणि जायचं कुठून? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर बंदी. अटल सेतूवर बंदी. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, सरळ, सिमेंटचा, ही गाडी मनात धरूनच आखलेला वाटावा असा, तिथेही बंदी. कायद्याच्या डोळ्यांना १९२३ सीसी दिसत नाही, फक्त चाकं दिसतात, आणि ती दोनच आहेत. माझी ७९६ सीसीची अल्टो समृद्धीवरून नागपूरला जाऊ शकते. चाळीस लाखांच्या गाडीला जुन्या रस्त्याने, खंडाळ्याच्या घाटातून, टेम्पोच्या मागे जावं लागतं. हेही मी दाजींना एकदाच सांगितलं.

त्या बदल्यात कायद्याने एक सवलत दिली आहे: राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. रविवारी पहाटे साताऱ्याकडे निघालं की खेड शिवापूरच्या नाक्यावर ही सवलत कशी दिसते ते बघावं. मधल्या रांगांत मोटारी फास्टॅग दाखवून पैसे भरत असतात. डावीकडे कडेला दुचाकींसाठी एक अरुंद पट्टी. तिच्या तोंडाशी दाजी थांबतात, भाचा थांबतो, मागे आणखी दहा-बारा गरुड थांबतात. दोन्ही बाजूंच्या पेट्या धरून ही गाडी जवळपास मीटरभर रुंद. जाईल की अडकेल? तेवढ्यात मागून एक दूधवाला येतो, हॉर्न देतो आणि दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली आपली शंभर सीसीची गाडी त्या पट्टीतून सरळ काढून नेतो. मग सगळे निर्धास्त होतात. दुधाचे कॅन गेले म्हणजे पेट्या जातात.

मी त्या दूधवाल्याकडे आदराने बघतो. माझ्या माहितीत टूरिंग या शब्दाला जागणारा तेवढा एकच माणूस आहे. तो रोज जातो, ओझं घेऊन जातो आणि पाऊस पडला तरी जातो. दाजींच्या पेट्यांत काय असतं ते मी उघडून बघितलेलं आहे: एक रेनकोट, गाडी पुसायचं पिवळं फडकं, त्याला जोड म्हणून आणखी एक पिवळं फडकं आणि ताईने दिलेला लाडवांचा डबा.

या मोहिमेचं उद्दिष्ट मिसळ. अमेरिकेत या गाड्या घेऊन लोक खंड ओलांडतात. आपल्याकडे त्या खंबाटकी ओलांडतात आणि मिसळीला थांबतात. हॉटेलसमोर गाड्या एका कोनात लावायच्या, पुढची चाकं एका बाजूला वळवलेली. मग जॅकेट काढायची. एप्रिलमध्ये चामड्याचं जॅकेट काढताना जो आवाज येतो तो नोंदवायला खरं तर हरकत नव्हती. आणि मग गावकरी येतात.

पहिला प्रश्न ठरलेला: "ही कुठली बुलेट?"

इथे दोघे मालक वेगळे वागतात. भाचा समजावून सांगतो की बुलेट नाही, बुलेट एका सिलिंडरची, ही दोनची, व्ही-ट्विन, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क. गावकरी ऐकून घेतो आणि म्हणतो, "म्हणजे मोठी बुलेट." दाजींनी हा टप्पा केव्हाच पार केला आहे. ते म्हणतात, "हां, बुलेटच." गावकरी खूश होतो.

दुसरा प्रश्न: "किती देते?" दाजी म्हणतात सतरा-अठरा. भाचाही तेच सांगतो. जुनं-नवं या वादात दोघांचं एकमत होतं ते फक्त इथे. विचारणारा आपल्या स्प्लेंडरकडे वळून बघतो. त्या नजरेत कीव असते, पण माणूस सभ्य असतो, तो काही बोलत नाही. तिसरा प्रश्न किमतीचा. खरी किंमत सांगितली तर कोणाचा विश्वास बसत नाही आणि बसला तर वाईट वाटतं, म्हणून दाजी "असेल पाच-सहा" म्हणतात. ताई सोबत असते तेव्हा ती त्यांच्याकडे एकटक बघते, कारण २०१० मध्ये त्यांनी तिलाही हाच आकडा सांगितला होता.

परतीच्या वाटेवर कात्रजचा चौक येतो आणि तिथे इंजिनाचा दुसरा गुण कळतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हवा लागते. हवा लागायची तर गाडी चालावी लागते. कात्रजला काहीच चालत नाही. व्ही इंजिनात मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला आणि बसणाऱ्याच्या मांडीच्या शेजारी. म्हणून कंपनीने टूरिंग गाड्यांत सोय केली की इंजिन फार तापलं आणि गाडी उभी असली तर मागचा सिलिंडर पेटणं बंद करून नुसता हवा फिरवत राहतो. म्हणजे मुळात दोन सिलिंडर, त्यातलाही एक सुट्टीवर. अशा अवस्थेत गाडी खरोखरच मोठी बुलेट असते, गावकऱ्याचं काही चुकलेलं नव्हतं. भाच्याच्या नव्या इंजिनात सिलिंडरच्या डोक्यांभोवती पाणी फिरतं, शिवाय पडद्यावर तापमान दिसतं. दाजी म्हणतात, "मला पडदा लागत नाही. मला कळतं."

पडद्याबद्दल बोलायला हवं. त्यावर नकाशा दिसतो, गाणी दिसतात, चाकातली हवा दिसते, कोणाचा फोन आला ते दिसतं. रस्त्यासाठी एक मोड, पावसासाठी एक, जोरात जाण्यासाठी एक. वळणावर ब्रेक दाबला तर किती दाबायचा ते गाडी ठरवते, चाक घसरू लागलं तर ताकद गाडीच कमी करते. सगळं उत्तम आणि खरोखर उपयोगाचं. वरंधा घाटात पावसाळ्यात मी कोणाच्या मागे बसेन असं विचारलं तर बेलाशक भाच्याच्या. पण टपरीवर चहा घेताना कोणाजवळ उभा राहीन? दाजींच्या. कारण भाच्याकडे सांगायला काही नसतं. "कशी आली गाडी?" "मस्त." संपलं. दाजींकडे घाट चढतानाचा एक बारीक टकटकाट असतो, जो फक्त तिसऱ्या गिअरमध्ये आणि फक्त त्यांनाच ऐकू येतो. त्यावर अर्धा तास सहज जातो. टपरीवाल्याचंही मत घेतलं जातं.

नव्या गाडीची खरी अडचण हीच आहे. ती निर्दोष असल्यामुळे तिच्या मालकाला संभाषणात स्थान उरत नाही. त्याच्याकडे कौशल्य असेल, पण ते दाखवायची संधी गाडी देत नाही. आणि मोठ्या मोटारसायकलीचा मालक हा मुळात पोचण्यासाठी निघालेला नसतो. पोचायचं असतं तर समृद्धीवरून अल्टो आहेच. तो निघतो ते पोचल्यावर सांगण्यासाठी. कंपनीने पंचवीस टक्के शिल्लक ठेवली ती इंजिनात नाही, बोलण्यात ठेवली आहे, असं माझं मत झालं आहे. फक्त ती जरा कमी पडते.

कमी पडते हे भाच्यालाही कळलेलं असावं, कारण मध्यंतरी त्याने बाहेरचा एक्झॉस्ट मागवायचं ठरवलं, आवाज जुन्यासारखा यावा म्हणून. मी त्याला सावध केलं. बदललेला सायलेन्सर कायद्यात बसत नाही, आणि आपल्याकडच्या कित्येक शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवला आहे. जो आवाज नोंदवायला अमेरिकेत सहा वर्षं खटपट झाली, तो इथे चपटा होऊन भंगारात जाईल. भाच्याने विचार बदलला. पण त्याऐवजी इंजिन थोडं खडबडीत चालेल अशी कसलीशी ट्यूनिंग आणि जुन्या पद्धतीचं उंच हँडल, असं दीड-पावणेदोन लाखांचं अंदाजपत्रक घेऊन तो घरी आला.

त्याच रविवारी दाजींकडे एक मेकॅनिक आला होता. त्याने रोड किंगवर ब्लूटूथचे स्पीकर बसवले, मोबाइल ठेवायला खोबण बसवली, एलईडीचे दिवे बसवले, उंच काच लावली आणि शेवटी पोत्यातून जेलची नवी जाड सीट काढली. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. जुनी नवी व्हायला निघाली होती आणि नवी जुनी, आणि दोघांची बिलं जवळपास सारखी होती.

दाजींनी भाच्याचं अंदाजपत्रक वाचलं. "म्हणजे थरथर काढायचे पैसे कंपनीला दिलेस, आणि परत घालायचे आता याला देणार?"

भाच्याने सीटकडे बोट दाखवलं. "आणि बाबा, हे जेल? तुम्हाला तर शंभर टक्के पाहिजे होती ना?"

दाजींनी सीटवर तळवा दाबून बघितला. तो चांगला आत गेला. "अरे, थरथर हाताला लागावी," ते म्हणाले. "कमरेला कशाला? तिची गॅरंटी संपलीय."